झाकणावरचा के. एल.

॥ श्री विठ्ठल ॥
उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
दि. ४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

ती. स्व. अक्का यांच्या चरणी
सुरेखाचा सा. न. वि. वि.

इकडं सर्व ठीक आहे असं लिहायची हाताला सवय, म्हणून लिहिलं. ठीक नाही.

जाऊबाई असून फोन करायचं सोडून ही पत्र कामून लिहायली, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरचा फोन तात्यासाहेबांच्या खिशात. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून तो सदा स्पीकरवर, अन ओट्यावर निम्मं देवगाव बसलेलं. मागं मी तुम्हाला माझ्या पोटाचं दुखणं सांगितलं, तर आठ दिवस येणारा-जाणारा मला ओवा खायला सांगत होता. टपाल दुपारी येतं, तेव्हा ते शेतात असतात. हे वाचून चुलीत घाला.

गोष्ट प्रेरणाची आहे. तब्येत उत्तम, घाबरू नका. तुम्ही पोटची पोर माझ्या भरवशावर शहरात ठेवली, तात्यासाहेबांनी माझ्या शब्दावर तिला चिकलठाण्याच्या कंपनीत जाऊ दिलं. या महिन्यात तिची कायम नेमणूक व्हायची आहे. अशा वेळी माझ्याकडून दुर्लक्ष झालं तर मी कोणत्या तोंडानं देवापुढं बसू?

कंपनीत तिची पाळी सकाळी लवकरची. पूजा झाल्याशिवाय मी गॅस पेटवत नाही, अन ती त्याआधीच बाहेर पडते. म्हणून दुपारचं जेवण ती कंपनीजवळच्या एका खानावळीतून मागवते. ते प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात येतं. असे चांगले डबे फेकायचे म्हणजे पाप, म्हणून ती रिकामे घरी आणते. मी धुऊन त्यात डाळी, मोहरी भरते. शनिवारी घासताना झाकणावर काळ्या शाईचं इंग्रजी दिसलं. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण एवढं वाचता येतं. प्रेरणा, मग डब्ल्यू, तिरपी रेघ, ओ, अन पुढं के एल.

अक्का, ही डब्ल्यू अन ओ मला चांगली ठाऊक आहेत. माझ्या आधार कार्डावर तीच आहेत. आधी माझं नाव, मग डब्ल्यू/ओ, मग यांचं नाव. बँकेतल्या मुलीनं मागंच सांगितलं होतं की ते वाइफ ऑफ, म्हणजे अमक्याची बायको. लेक असेल तर डी/ओ. प्रेरणाच्या कार्डावर डी/ओ करून तात्यासाहेबांचं नाव आहे. ती न्हायला गेली तेव्हा तिची पर्स उघडून मी खात्री केली.

मग झाकणावर ती बायको कोणाची? के. एल. कोण?

आता एकेक आठवतं. फोन पालथा ठेवते. वेणी घालताना गुणगुणते. परवा नवी चप्पल घेतली, जुनीचा अंगठासुद्धा तुटला नव्हता. कोर्टात लग्न लावून पोरी गुपचूप माहेरी राहतात असं भजनी मंडळात ऐकलं आहे.

तुम्ही सांगाल तसं करीन. माया आहे तेवढीच राहू द्या.

आपली,
सुरेखा

देवगाव रंगारी
ता. ७ आगस्ट

चि. सौ. सुरेखास लक्ष्मीबाईचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं अन माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. चौथीपर्यंत शिकले मी, अक्षर लागत नसंल तर जुळवून घे.

पह्यलं तर तुलाच बोलते. पोरीवर डोळा ठेव म्हणलं होतं, डब्यावर नाय. पण ठेवला ते बरं झालं. आता दुसरं. के. एल. म्हनजे कोन ते मला बसल्या जागी कळलं. आपल्या मळ्याला लागून लहान्यांचा मळा हाय ना, त्यांचा कृष्णा. कृष्णा लहाने. के अन एल. प्रेरणाच्या वर्गात व्हता. तो बी तिकडंच कंपनीत हाय म्हनत्यात. बांधावरनं आपलं अन त्यांचं बोलनं बंद हाय, मालक तर त्यांच्या बैलाकडं बी बघत नाय. अन आपली पोरगी त्या घरात? मालकाला कळलं तर नोकरी गेली, शहर गेलं, पोरीला घरात बसवत्याल अन मिळंल त्या पोराला देऊन टाकत्याल. तिनं किती रडून परवानगी काढली व्हती तुला ठावं हाय.

म्हनून बोलू नको. नुसतं बघ. पायाची बोटं बघ, जोडव्यानं गोरा पट्टा पडतो. गळा बघ, काळ्या मन्याची खूण ऱ्हाती. केसाच्या मुळाशी कुंकू लागलं का ते बघ.

अन हे कांदा सोडायचं तुझं काय नवीन? माळ घातली ते ठीक. पन आपला चाळीत कांदा भरलाय, अन तुझ्या दादल्याला चार म्हैने कांदा नाय. त्याचा शाप आमच्या कांद्याच्या भावाला लागायलाय.

लवकर लिही. जीव थाऱ्यावर नाय.

तुझी,
लक्ष्मीबाई

॥ श्री विठ्ठल ॥
उस्मानपुरा
दि. १२ ऑगस्ट

ती. स्व. अक्कांना सुरेखाचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. पायाची बोटं बघायची कशी, म्हणून तिला म्हटलं, आज माझ्या हातचं तेल चोळून घे, दिवसभर दमतेस. ती आधी लाजली, मग पाय पुढं केले. पट्टा नाही. पण दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाला नखपॉलिश आहे अन बाकी बोटांना नाही. विचारलं तर म्हणाली, बाटली संपली. मला पटलं नाही. गळ्याला खूण नाही, पण हल्ली सोन्याचं कोणी घालत नाहीत, बारीक मण्यांचं काहीतरी हाताला बांधतात म्हणे. हाताला तिच्या घड्याळाचा पट्टा आहे. तो ती रात्रीसुद्धा काढत नाही. पावलं मोजतं म्हणाली. झोपेत कसली पावलं?

मग मी देवाधर्माचा मार्ग धरला. शुक्रवारी जिवतीची पूजा होती. कुमारिका जेवू घालायच्या होत्या. मनात म्हटलं, लग्न झालेली पोर कुमारिका म्हणून पाटावर बसायला धजणार नाही, पापाला भिईल. तिला म्हटलं, तूही बस. ती हसली अन म्हणाली, काकी, चौथीतल्या पोरींच्या पंगतीत मला बसवतेस होय? अन चप्पल घालून गेली. नवी चप्पल. अक्का, नाही म्हणाली हे लक्षात घ्या.

यांच्या कानावर घातलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले की तुला घरात चोर सापडला नाही म्हणून तू जावई शोधायली आहेस. कांद्याच्या रागानं बोलतात. यांच्याकडून मदत होणार नाही.

आता मोठी गोष्ट. मीच तिला सांगून ठेवलं होतं की तुझ्याबरोबरच्यांचे डबे फेकत असतील तर तेही आण. काल एक आणला. झाकणावर काय असावं? सावनी डब्ल्यू/ओ के एल!

सावनी म्हणजे तिच्या टेबलाशेजारची. दोनदा घरी आली आहे, साबुदाण्याची खिचडी खाऊन गेली, वागायला गोड. तीही त्याचीच बायको? एका माणसाच्या दोन, त्याही एका खोलीत बसणाऱ्या, अन दोघी एकमेकींना डबा पुढं करतात! हा कृष्णा लहाने आहे तरी कोण? की प्रेरणाला सावनीचं ठाऊक नाही, अन सावनीला प्रेरणाचं? आपण पत्रात चि. लिहितो, सौ. लिहितो, कै. लिहितो. एका अक्षरात माणसाचं सगळं कळतं. तसंच हे. लिहिणाऱ्यानं काही उगीच लिहिलं नसेल.

माझा शब्द आहे की घरातून बाहेर काही जाणार नाही. तुम्हीही कुठं बोलू नका. आपला हात डोक्यावर असावा.

आपली,
सुरेखा

देवगाव रंगारी
ता. १८ आगस्ट

चि. सौ. सुरेखास आशीर्वाद.

बोलू नको म्हनलीस, पन पत्र उशिरा आलं. त्याच्या आदल्या दिवशीच मी बोलून बसले.

मला ऱ्हावलं नाय. मालक तालुक्याला गेले तशी मी इरजन मागायच्या निमित्तानं लहान्यांच्या दारात गेले. किती वरसांनी. कृष्णाची आई मालनबाई चकित झाली, पाट दिला, चहा दिला. मी इकडचं तिकडचं बोलत विचारलं, तुमचा कृष्णा कुठं असतो, पगार काय, लग्नाचं काय. आडून विचारलं गं. पन लेकीच्या आईनं असं विचारलं तर दुनिया काय समजंल? मालनबाईच्या डोळ्यात पानी आलं. म्हनली, पोरांच्या पायी बांधावरचं वैर मिटत असंल तर देवच पावला. अन दुसऱ्या दिवशी गड्याहाती आपल्याकडं गूळ धाडला! गूळ घेतला कुनी? मालकानं.

मंग काय व्हनार. मला उभं करून विचारलं, ही सोयरीक कोन जुळवायलं? मालकच म्हनले, पोरीनं तिकडं काय तरी केल्याबगर लहाने असा गूळ धाडत नाय. मी तुझं नाव घेतलं नाय, डब्याचं बी नाय. पन त्यांनी ठरवलं. पोळ्याला बैल सोडून जाता येत नाय. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घेऊन येनार, प्रेरणाचं सामान भरनार अन घेऊन येनार. नोकरीचं नाव काढायचं नाय म्हनले.

दुसऱ्या बायकोचं वाचून तर मी मालनबाईकडं बघायची बंद झाले. सुरेखा, तू शिकलेली हायेस. खरं काय ते काढ. अन खोटं असंल तर लवकर काढ.

तुझी,
लक्ष्मीबाई

॥ श्री विठ्ठल ॥
उस्मानपुरा
दि. २० ऑगस्ट

ती. स्व. अक्कांना सा. न. वि. वि.

हे पत्र पोळ्याआधी मिळावं म्हणून बसस्टँडजवळच्या टपालात स्वतः टाकते आहे. कालपासून दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तात्यासाहेबांनी उचलला. थोरल्या दिरांशी मी काय बोलणार? बैल कसे आहेत विचारलं अन ठेवला.

के. एल. कोणी नाही. अक्का, असा माणूसच नाही.

काल तिनं तिसरा डबा आणला. झाकणावर चिन्मय डब्ल्यू/ओ के एल. चिन्मय मुलीचंही नाव असतं का, असं मनात आलं, म्हणून सहज विचारलं की ही चिन्मय कोण. ती म्हणाली, ही नाही, हे. मशीन बघतात, मोठ्या मिशा आहेत, दोन लेकरांचे बाबा. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मग ते कोणाची बायको आहेत?

तिला काही कळेना. मी झाकण पुढं केलं, आधार कार्ड काढून त्याशेजारी ठेवलं. ती इतकी हसली की ओट्याला धरून खाली बसली. म्हणाली, काकी, हे वाइफ ऑफ नाही, हे विदाऊट. विदाऊट म्हणजे शिवाय, वगळून. अन के म्हणजे कांदा, एल म्हणजे लसूण.

कांदा-लसूण, अक्का.

आषाढी एकादशीला मीच तिला बजावलं होतं की चातुर्मासात या घरातल्या माणसाच्या पोटात ते जाता कामा नये. तिकडं तिनं खाल्लं असतं तर मला काय कळणार होतं? पण तिनं खानावळीला सांगितलं. ते म्हणाले, एकटीसाठी वेगळी भाजी होणार नाही, तिघं तरी पाहिजेत. म्हणून तिनं सावनीला अन त्या चिन्मयरावांना गळ घातली. माझ्या नेमासाठी तो मिशावाला माणूस कांद्याशिवाय जेवतो आहे.

मीही हसले. मग तिचं हसू थांबलं. म्हणाली, म्हणून तू माझे पाय चोळलेस? पर्समधल्या कार्डाची जागा बदलली होती, तेही तिनं विचारलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. ताट वाढलं की जेवते, ताट घासते, आत जाते. तात्यासाहेब येणार हे मी तिला सांगितलं, त्यावरही नुसती मान हलवली.

तात्यासाहेबांना काहीही करून थांबवा. मालनबाईंना काय सांगायचं ते मला सुचत नाही, तुम्हालाच सुचेल.

आपली,
सुरेखा

उस्मानपुरा
२१ ऑगस्ट

काकीस नमस्कार.

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली. बोलायला गेले की रडू येतं, अन रडले की तू त्याचाही काहीतरी अर्थ लावशील. म्हणून तुझ्या देवघरापाशी ठेवते, तिथं तू नक्की बघशील.

त्या दोन अक्षरांचं मी शोधलं. वाइफ हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीत नुसता ‘बाई’ या अर्थाचा होता. कुठलीही बाई. ती कोणाची असायची गरज नव्हती. बाळंतपण करणारीला मिडवाइफ म्हणतात ना, त्यात तो अर्थ अजून राहिला आहे. पुढं ती वाइफ कोणाची तरी झाली. अन विदाऊट म्हणजे मुळात ‘बाहेर’. घराच्या, वेशीच्या बाहेर. ‘शिवाय’ हा अर्थ नंतर चिकटला. सरकारी कागदावर एक शब्द छाटला, घाईत चिठ्ठी लिहिणाऱ्यांनी दुसरा छाटला, अन दोघांचं दिसायला एकच झालं. तुझी चूक होणं मला समजतं. खरंच समजतं. झाकण दिसलं त्याच दिवशी विचारलं असतंस तर आपण दोघी हसलो असतो.

पण तू आईला विचारलंस, काकांना विचारलंस, माझ्या पायांना विचारलंस. मला सोडून सगळ्यांना.

कायमचं पत्र काल हातात आलं. पेढे आणायचं मन झालं नाही. सिडकोत मुलींच्या वसतिगृहात एक खाट बघून आले आहे. तात्यांनी नेलं नाही तर गौरी उठल्यावर मी तिकडं जाईन. राग नाही. पण मला कोणीतरी सारखं वाचत बसलंय अशा घरात राहवत नाही.

प्रेरणा

॥ श्री विठ्ठल ॥
उस्मानपुरा
दि. २४ ऑगस्ट

ती. स्व. अक्कांना सुरेखाचा साष्टांग नमस्कार.

माझं पत्र तुम्हाला वेळेवर मिळालं नाही हे जीप दारात थांबली तेव्हाच कळलं. तात्यासाहेब एकटेच आले. आमचे हे बाजारात गेले होते, प्रेरणा कंपनीत. घरात मी.

तुम्हाला माहीत आहे, लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर पदर कपाळावर ओढून उभी राहिले, बोलले कधी नाही. काल त्यांनी भिंतीकडं बघत विचारलं, पोरीचं सामान कुठं आहे. मी मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की सामान तिचं आहे, ती संध्याकाळी येईल, तिला विचारूनच हात लावायचा. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. शेजारचं दार उघडलं. ते म्हणाले, गाव बोलायलंय. मी म्हणाले, गावाला जे काही कळलं ते माझ्या अर्धवट इंग्रजीतून कळलं, पोरीनं काही केलेलं नाही. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. झाकण आणून दाखवलं.

बराच वेळ ते झाकण उलटंपालटं करत बसले. मग काय म्हणाले असतील? म्हणाले, चाळीत माझा एवढा कांदा पडलाय, अन माझी पोरगी शहरात कांद्याविना जेवते, ते कोणाच्या हुकमानं? माझ्या, म्हटलं. त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. चहा अर्धा ठेवून उठले. जाताना म्हणाले, लहान्यांचा गूळ परत करायला आता मलाच जावं लागेल, मालनबाईच्या हातचा चहा चांगला असतो का ते तुझ्या जाऊला विचारतो. अक्का, सांभाळून. तुम्ही तिकडं गेला होतात हे त्यांना ठाऊक आहे. पण आवाजात राग नव्हता. जीप रिकामी गेली.

संध्याकाळी प्रेरणा आली. दोन कपबशा बघून तिथंच थबकली. मी सांगितलं, तात्यासाहेब आले अन गेले, नोकरी चालू राहणार. तिनं पिशवी खाली ठेवली अन भिंतीला टेकून बसली. मीही समोर बसले. तिनं माझ्यासाठी देवघरापाशी ठेवलेलं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. त्यातल्या इंग्रजीपेक्षा एकच ओळ सलत होती, मला सोडून सगळ्यांना विचारलंस ही. तेव्हा म्हटलं, आज तुलाच विचारते, दुसऱ्या कोणाला नाही. सांगायचं नसेल तर नको सांगू. तुझ्या मनात कोणी आहे का?

तिनं गुडघे पोटाशी घेतले. मला वाटलं उठून जाईल. मग हो म्हणाली.

म्हणजे माझा संशय अगदीच वाया नव्हता. पण बरोबर निघाल्याचा आनंद काही झाला नाही. तिनं नाव सांगितलं. कोण, कुठला, काय करतो, घरचे कसे, सगळं सांगितलं. मी एकदाही मधे बोलले नाही, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. शेवटी विचारलं, आईला लिहू? म्हणाली, नको. दिवाळीला येईन तेव्हा माझ्या तोंडानं सांगेन. तोवर तुझ्यापाशी राहू दे.

सिडकोत मुलींच्या वसतिगृहात तिनं खाट बघून ठेवली आहे, ती अजून सोडलेली नाही. गौरीपर्यंत बघते म्हणाली.

तुम्हाला रात्रभर झोप लागणार नाही हे मला कळतं. उलट टपाली तुम्ही विचाराल, कृष्णा आहे का, आपल्यातला आहे का, सावनीचा भाऊ तर नाही ना. एका नावाला नाही म्हटलं की दुसरं विचाराल, म्हणून मी कशालाच नाही म्हणणार नाही. जाऊ म्हणून विचाराल, आई म्हणून विचाराल, विठ्ठलाची शपथ घालाल. सगळी पत्रं पाठवा, मी वाचीन, बाकी सगळ्याची उत्तरं देईन. नाव मला ठाऊक आहे, अक्का. ते माझ्याकडून येणार नाही.

राग धरलात तरी तुमचीच,
सुरेखा